सगळं हिरवं आहे!

मागच्या महिन्यात मावसभावाच्या लग्नात जेवणाच्या टेबलावर मामांनी मला गाठलं. "तू त्या महाप्याच्या ऑफिसात रात्रपाळीला नक्की काय करतेस गं?"

"स्क्रीन बघत बसते, मामा."

"कसली स्क्रीन?"

"लोकांची सॉफ्टवेअरं नीट चालली आहेत की नाही, ते दाखवणारी."

"आणि नीट चालत नसली तर?"

"तर हिरव्याचं लाल होतं. मग मी फोन फिरवते."

मामांनी जिलबीचा तुकडा मोडला. "म्हणजे परवा मी बँकेत दीड तास 'सर्व्हर डाऊन, सर्व्हर डाऊन' ऐकत बसलो होतो, तेव्हा तुझ्यासारख्या कुणाच्या तरी स्क्रीनवर लाल दिसत असेल ना?"

टेबलावरचे सगळे हसले. मीही हसले, 'हो' म्हणाले आणि विषय मठ्ठ्यावर नेला. पण ते 'हो' काही मनापासून नव्हतं. त्या दीड तासात कुठेतरी बसलेल्या माझ्यासारखीच्या स्क्रीनवर सगळं हिरवंगार असण्याची शक्यता चांगलीच मोठी आहे. मामांना हे त्या गडबडीत समजावणं शक्य नव्हतं, म्हणून इथे लिहितेय. आधीच सांगते, ही पोस्ट भांडणाची आहे. ज्यांच्याशी भांडण आहे त्यांच्यात मीही येते.

आधी नातेवाईक मंडळींसाठी थोडं. (धंद्यातल्या मंडळींनी हा परिच्छेद ओलांडून पुढे जायला हरकत नाही.) ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने एकेकाळी रसायनांचे कारखाने होते. आज ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात त्यांच्या शेजारी आणि काही ठिकाणी त्यांच्या जागी काचेच्या इमारती आणि खिडक्या नसलेली डेटा सेंटरं उभी आहेत. पनवेलला २०२० साली योट्टाचं एनएम१ सुरू झालं, तेही याच जातीचं. तुमचं बँक खातं, विम्याचा हप्ता, औषधाच्या दुकानाचं बिल, कंपनीतली हजेरी हे सगळं अशाच कुठल्यातरी थंडगार खोलीतल्या सर्व्हरवर चालतं. ते सर्व्हर धापा टाकतायत का, हे बघणं माझं काम. प्रत्येक सर्व्हरवर एक छोटा प्रोग्राम बसवलेला असतो, त्याला एजंट म्हणतात. सीपीयू किती टक्के गुंतलाय, मेमरी किती उरलीय, मिनिटाला किती मागण्या आल्या, प्रत्येकीला उत्तर द्यायला किती वेळ लागला, हे तो सतत कळवत असतो. आकडा ठरलेल्या मर्यादेत असला की हिरवा, जवळ गेला की पिवळा, पलीकडे गेला की लाल. या सगळ्या दिव्यांचा मिळून डॅशबोर्ड होतो, आणि तो भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर लावलेला असतो. पाहुणे आले की त्यांना तो आधी दाखवतात.

तर मुद्दा असा की हा टीव्ही खोटं बोलत नाही, पण त्याला विचारलेला प्रश्नच चुकीचा आहे. आपण यंत्राला विचारतो, "तू बरा आहेस ना?" आणि यंत्राचा बरेपणा म्हणजे माणसाचं काम होणं, असं धरून चालतो.

मला हे कळलं ते पुस्तक वाचून नाही. उरणच्या बाजूला एका गेटवर कळलं.

न्हावा-शेवा बंदर तुम्हाला माहीत असेल. १९८९ साली सुरू झालं, कागदावर नाव बदललं तरी लोक अजून जेएनपीटीच म्हणतात. बोटीतून उतरलेले कंटेनर कस्टमचं काम होईपर्यंत आसपासच्या मोठमोठ्या आवारांत ठेवतात, त्यांना सीएफएस म्हणतात. असं एक आवार आमचं गिऱ्हाईक होतं. नाव सांगत नाही, त्यांचंही नाही आणि आमचंही नाही. कंटेनर भरलेला ट्रेलर बाहेर काढायचा तर गेटपास लागतो, आणि गेटपास आमच्या देखरेखीखालच्या सॉफ्टवेअरमधून छापला जातो. दोन वर्षांपूर्वी, करार वाढवण्याआधी, 'एकदा साइट व्हिजिट करून ये' म्हणून मला तिकडे पाठवलं.

संध्याकाळी पाचच्या सुमारास मी गेटच्या खोलीत बसले होते. ५ वाजून १० मिनिटांनी गेटवरच्या काकांनी 'प्रिंट' दाबलं आणि पडद्यावर चक्र फिरायला लागलं. फिरतच राहिलं. काकांनी ड्रॉवर उघडून एक लांबट रजिस्टर काढलं, त्यात वेळ लिहिली आणि चहा मागवला. बाहेर ट्रेलर एकामागे एक लागत होते. ५ वाजून २६ मिनिटांनी कागद बाहेर आला. काकांनी ती वेळ लिहिली, खिडकीतून डोकावून गाड्या मोजल्या आणि शेवटच्या रकान्यात आकडा टाकला: २३.

"काका, हे कशाला लिहिता?"

"गाड्या का तुंबल्या असं साहेब मलाच विचारतात ना, मॅडम. म्हणून लिहून ठेवतो."

"तक्रार नाही केलीत?"

"केली की. नऊ वेळा. तुमच्याकडून मेल येतो. रिझॉल्व्ड."

मी रजिस्टर मागून घेतलं. अकरा महिन्यांच्या नोंदी होत्या. तारीख, कधी बंद पडलं, कधी चालू झालं, किती गाड्या. जवळजवळ प्रत्येक नोंद संध्याकाळी पाच ते सातमधली. मी लॅपटॉप उघडून त्याच तारखांचा डॅशबोर्ड लावला. हिरवा. सगळ्या तारखा हिरव्या. त्या नऊ तक्रारी शोधल्या. 'युझरकडील नेटवर्कचा प्रश्न', 'पुन्हा करून पाहिलं, आढळलं नाही', 'युझरने फोन उचलला नाही, म्हणून बंद'. त्यातल्या दोन मी स्वतः बंद केल्या होत्या.

बाहेर आले तेव्हा एका ट्रेलरवाल्याने विचारलं, "ताई, तुम्ही कॉम्प्युटरवाल्या का?" हो म्हटलं. "आम्हाला फेरीवर पैसे असतात. उभं राहायचे कुणी देत नाही." तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

कारण शोधायला मला दीड दिवस लागला. हेड ऑफिसमधले एक अधिकारी रोज पाच वाजता दिवसभराचा एमआयएस रिपोर्ट काढायचे. तो रिपोर्ट आणि गेटपास दोघांनाही डेटाबेसमधलं एकच टेबल लागायचं. आकडे मध्येच बदलू नयेत म्हणून रिपोर्ट त्या टेबलाला कुलूप लावायचा, आणि गेटपास दाराबाहेर उभा राहायचा. आता गंमत बघा. कुलूप उघडण्याची वाट बघणारं काम सीपीयू वापरत नाही. ते नुसतं थांबतं. म्हणजे गेटवर गाड्या तुंबल्या होत्या नेमक्या त्याच वेळी आमचा सर्व्हर दिवसातला सगळ्यात निवांत होता! आम्ही त्याची नाडी बघून 'प्रकृती उत्तम' असा शेरा देत होतो.

उपाय अगदी साधा होता. रिपोर्ट मूळ डेटाबेसवर न चालवता त्याच्या प्रतीवर चालवायचा. बदल करायला अर्धा दिवस पुरला. अकरा महिन्यांच्या रांगांवरचा उपाय अर्ध्या दिवसाचा.

आता धंद्यातल्या मंडळींशी.

तुम्ही म्हणाल, सीपीयू सोड, पण मागणीला लागलेला वेळ तर मोजत होतात ना? मोजत होतो. त्या दिवशी त्या आवारातून साधारण १,४०० मागण्या आल्या असं धरा. १,३९९ मागण्यांना एकेक सेकंद लागला आणि एका मागणीला १६ मिनिटं, म्हणजे ९६० सेकंद. सरासरी किती? १.६९ सेकंद. करारात लिहिलंय ३ सेकंद. हिरवं.

त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. त्या १६ मिनिटांत लॉगमध्ये संथ मागणी किती? एकच. कारण खिडकी एक, क्लार्क एक, आणि पहिला गेटपास निघाल्याशिवाय त्याला दुसरा मागताच येत नाही. बाहेर उभ्या असलेल्या २३ गाड्यांनी अजून काही मागितलेलंच नसतं, म्हणून त्या आमच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतात. सॉफ्टवेअर जितकं जास्त अडकेल तितक्या कमी मागण्या त्याच्यापर्यंत पोचतात, आणि तितकी आपल्याकडची नोंद स्वच्छ दिसते. रांग लॉगमध्ये येत नाही. माझं सगळं भांडण या एका वाक्यात आहे.

सरासरी वाईट म्हणून हुशार लोक टक्केवारीकडे वळतात. '९५ टक्के मागण्यांना ३ सेकंदांच्या आत उत्तर' असं करारात लिहितात. ऐकायला छान वाटतं, शंभरात पाचच तर राहिले. पण ते शंभर म्हणजे माणसं नव्हेत, बटणं दाबणं आहे. एखाद्याला दिवसात २० वेळा बटण दाबावं लागत असेल, तर २० पैकी एकदाही न अडकण्याची शक्यता शंभरात जेमतेम ३६. म्हणजे शंभरातली ६४ माणसं दिवसातून एकदा तरी अडकतात. आणि हे त्रास सगळ्यांत सारखा वाटला जातो असं धरून. प्रत्यक्षात तो वाटला जात नाही, तो गर्दीच्या वेळी एकदम येतो. ज्याचं काम जास्त आणि ज्याला घाई जास्त, तोच त्या पाच टक्क्यांत सापडतो.

मग येतं ते सुप्रसिद्ध ९९.९ टक्के. तीस दिवसांच्या महिन्यात ९९.९ टक्के 'उपलब्ध' म्हणजे ४३ मिनिटं बंद राहायची मुभा. पण ही ४३ मिनिटं कशी मोजतात? दर पाच मिनिटांनी एक प्रोग्राम लॉगिनचं पान उघडतं का ते बघतो. बऱ्याचदा तो प्रोग्राम त्याच डेटा सेंटरमध्ये असतो. म्हणजे आपल्याच घरातून आपल्याच घरी मिस्ड कॉल द्यायचा आणि फोन चालू आहे असं जाहीर करायचं. दोन तपासण्यांच्या मधे चार मिनिटं सगळं ठप्प झालं तरी पत्ता लागत नाही. आणि उरणला १६ मिनिटं गाड्या उभ्या होत्या तेव्हा लॉगिनचं पान व्यवस्थित उघडत होतं. त्यामुळे त्या अकरा महिन्यांतल्या एकाही रांगेचं एक मिनिटसुद्धा त्या ४३ मिनिटांत धरलं गेलं नाही.

तक्रारींचं घड्याळ तर विचारूच नका. तक्रार चार तासांत सोडवायची असा नियम असतो. पण तक्रारीला 'युझरच्या उत्तराच्या प्रतीक्षेत' असा शेरा मारला की घड्याळ थांबतं. तीन तास पन्नास मिनिटं झाली की 'कृपया स्क्रीनशॉट पाठवा' असा मेल टाकायचा. हे मी केलंय. तुम्हीही केलंय. उगाच साळसूदपणा नको.

आमच्या धंद्यात याला कलिंगड म्हणतात, बाहेरून हिरवं आणि आतून लाल. शब्द माझा नाही, जगभर चालतो. मला राग याचा येतो की हा शब्द आपण विनोद म्हणून वापरतो. ज्या व्यवसायात फसव्या अहवालाला लाडाचं नाव पडलंय, त्याने आरशात बघायला हवं.

आता कुणी म्हणेल की एका गोदामाच्या गेटवरून एवढा आरडाओरडा कशाला. तर मोठ्यांकडे बघू. २४ फेब्रुवारी २०२१ ला, महिन्याच्या एक्स्पायरीच्या आदल्या दिवशी, नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास थांबले, ते दुपारी पावणेचारला सुरू झाले, आणि त्या दिवशी बाजार पाच वाजेपर्यंत चालवावा लागला. मधल्या चार तासांत ज्यांचे सौदे अडकले होते, त्यांना कधी सुरू होणार हे कळायला मार्ग नव्हता. पुढच्याच महिन्यात सेबीने नियम केला की महत्त्वाची यंत्रणा बिघडली तर ३० मिनिटांच्या आत ती 'आपत्ती' म्हणून जाहीर करायची. म्हणजे घड्याळ बाहेरच्याने हातात घेतलं. एचडीएफसी बँकेचंही तेच. दोन वर्षांत अनेकदा डिजिटल सेवा कोलमडल्यावर डिसेंबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने तिला नवी क्रेडिट कार्डं देणं आणि नव्या डिजिटल योजना आणणं थांबवायला सांगितलं. कार्डांवरची बंदी ऑगस्ट २०२१ मध्ये उठली आणि उरलेली मार्च २०२२ मध्ये. एवढ्या मोठ्या संस्थांकडे देखरेखीची साधनं नव्हती असं कोण म्हणेल? साधनं असतातच. पण 'आता पुरे' हे बाहेरच्याला म्हणावं लागलं.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ सालच्या अकरावी प्रवेशाचं तर घराघरात झालं. राज्यभरासाठी पहिल्यांदाच एकत्र ऑनलाइन प्रवेश, २१ मेला नोंदणी सुरू, आणि पहिल्याच दिवशी संकेतस्थळ झोपलं. नोंदणी २६ मेपर्यंत पुढे गेली. दहावीला किती मुलं पास झाली हा आकडा तर आठवडाभर आधीच जाहीर झालेला होता! किती लोक दारात येणार हे इतकं नेमकं माहीत असण्याचं भाग्य आम्हाला फार क्वचित मिळतं.

इथे एक सूचना. 'मग आणखी मोजा, सतत मोजा' असा माझा सल्ला नाही. १२ एप्रिल २०२५ ला, शनिवारी, देशभर यूपीआय अडखळलं. एनपीसीआयने नंतर कारण सांगितलं ते धड्यासारखं लक्षात ठेवण्याजोगं आहे. झालेल्या व्यवहाराचं पुढे काय झालं, हे विचारणाऱ्या मागण्या काही बँकांकडून पुन्हापुन्हा येत राहिल्या आणि त्यांच्या लोंढ्यात मूळ यंत्रणाच गुदमरली. "झालं का? झालं का?" विचारणाऱ्यांनीच काम होऊ दिलं नाही! १ ऑगस्ट २०२५ पासून मग अशा चौकश्यांवर मर्यादा आल्या, अगदी एका अ‍ॅपवर दिवसाला शिल्लक किती वेळा बघायची त्यावरही. देखरेखीचंसुद्धा ओझं असतं. प्रश्न किती वेळा विचारला याचा नाही, कुणाला आणि काय विचारला याचा आहे.

त्याच एनपीसीआयची एक गोष्ट मला आवडते. फसलेले व्यवहार ते दोन भागांत मोजतात. पिन चुकला, खात्यात पैसे नव्हते, असं गिऱ्हाइकाच्या बाजूचं एकीकडे, आणि यंत्रणा चुकली ते दुसरीकडे. आणि हे आकडे बँकांच्या नावानिशी दर महिन्याला प्रसिद्ध होतात. महिन्याची टक्केवारी आहे, तिच्यात रांग दिसत नाहीच. पण निदान 'युझरची चूक' या मोठ्या गोणीत स्वतःची चूक सरकवून टाकायची सोय राहत नाही. आमच्या तक्रारींच्या याद्या अशा प्रसिद्ध झाल्या तर? विचार करूनच घाम फुटतो.

आता विरुद्ध बाजू. ती खोटी नाही, म्हणून नीट मांडते.

पहिलं म्हणणं, "खरंच बऱ्याचदा युझरचंच नेटवर्क खराब असतं." असतं. उरणच्या त्या गेटवरही काही दिवस तेच कारण असेल. पण मग ते मोजून त्याला दाखवा. तुमच्या खिडकीपासून आमच्या दारापर्यंत इतका वेळ लागला आणि दारापासून आत इतका, हे मोजता येतं. न मोजता 'नेटवर्क' लिहिणं म्हणजे न तपासता 'व्हायरल आहे' म्हणणं.

दुसरं म्हणणं, "एवढं सगळं मोजणं परवडत नाही." खरं आहे. नोंदी साठवायला जागा लागते, एजंट सर्व्हरची शक्ती खातो, आणि ही साधनं विकणारे स्वस्त नसतात. पण आत्ता आपण काय करतोय? पाळीत इतके अलर्ट येतात की सगळ्यांनी मेलबॉक्समध्ये नियम लावून ते परस्पर एका फोल्डरात टाकलेत. तो फोल्डर कुणी उघडत नाही. कुणी न वाचणाऱ्या या अलर्टांवरचा खर्च आधी थांबवा. मग गेटपासची वेळ मोजायला पैसे निघतील.

तिसरं म्हणणं मात्र मला मान्य नाही. ते म्हणजे, "आपण करारात बसतो ना!"

ही पोस्ट खरं तर या वाक्यासाठी आहे. उरणहून परत आल्यावर मी सगळं लिहून काढलं. कारण, उपाय, रजिस्टरमधल्या तारखा, गाड्यांचे आकडे. महिन्याच्या बैठकीत ते मांडायचं होतं. आमच्या साहेबांनी वाचलं. वाईट माणूस नाही, रात्री दोनला फोन केला तरी उचलणारा. म्हणाले, "काम मस्त केलंस. पण हे स्लाइडमध्ये नको घालू. आपण एसएलएत आहोत. उगाच त्यांच्या डोक्यात भरवून कशाला द्यायचं?" बैठकीत स्लाइड लागली, सलग अकरा महिने हिरवे. समोरच्यांनी टाळ्या वाजवल्या. करार वाढला. ऑफिसात केक आला आणि मीही खाल्ला.

मी गप्प बसले, हे इथे कबूल करते. दुरुस्ती झाली होती, काकांची रांग सुटली होती, मग कशाला भांडायचं असं स्वतःला समजावलं. पण आमच्याकडे बघायला अशी कितीतरी सॉफ्टवेअरं आहेत, आणि त्या प्रत्येकामागे अशी एखादी खिडकी आहे. त्या बैठकीत खरं बोलले असते तर मोजायची पद्धत बदलली असती, निदान चर्चा झाली असती. ते झालं नाही. एक कुलूप निघालं, कुलपं न दिसण्याची व्यवस्था तशीच राहिली.

करार हा किमान किती वाईट चालेल याचा कागद असतो. आपण त्यालाच चांगल्या कामाची व्याख्या करून बसलो. जेकब नील्सन यांनी १९९३ सालीच लिहून ठेवलंय की एका सेकंदापर्यंत माणसाची विचारांची साखळी तुटत नाही आणि दहा सेकंदांनंतर त्याचं लक्ष उडतं. म्हणजे दहाच्या पुढे माणसाचं काम मोडलंच. ही गोष्ट सांगणारा एकही दिवा आमच्या भिंतीवर नाही.

मला काय हवंय? फार नाही. पहिलं, सर्व्हरच्या तब्येतीआधी कामाची वेळ मोजा. गेटपास मागितल्यापासून कागद हातात पडेपर्यंत. दुसरं, महिन्याची सरासरी दाखवण्याआधी महिन्यातला सगळ्यात वाईट तास दाखवा, आणि त्या तासात गिऱ्हाइकाकडे काय चाललं होतं ते त्यालाच विचारून लिहा. तिसरं, तक्रार करणाऱ्याने 'सुटली' म्हटल्याशिवाय ती बंद करायची नाही आणि घड्याळ थांबवायचं नाही. चौथं, आमच्यापैकी प्रत्येकाला तीन महिन्यांतून एक दिवस अशा खिडकीत बसवा. यातलं चौथं सगळ्यात स्वस्त आहे आणि तेच सगळ्यात आधी फेटाळलं जाईल, हेही मला माहीत आहे. असो.

धंद्यातल्या मंडळींनी कॉमेंटमध्ये जरूर भांडावं. 'तुला आर्किटेक्चर कळत नाही' हे आधीच मान्य. :)

आणि मामा, मावशी, आणि बाकीच्यांनो, तुमच्यासाठी एक विनंती. यापुढे कुठेही 'सर्व्हर डाऊन' ऐकलंत तर नुसतं 'स्लो आहे' म्हणून तक्रार करू नका. 'स्लो' या शब्दाला आमच्याकडे कुणी घाबरत नाही, तो चार तासांत बंद करता येतो. किती वाजता गेलात, किती वाजता काम झालं आणि त्या वेळी तुमच्यामागे किती माणसं उभी होती, एवढे तीन आकडे लिहून द्या. जमलं तर तारीखवार वही ठेवा. अकरा महिन्यांत मी बघितलेली सगळ्यात अचूक नोंद भिंतीवरच्या त्या टीव्हीवर नव्हती. ती गेटवरच्या काकांच्या ड्रॉवरमध्ये होती, आणि ती मागायला आमच्याकडून कुणी गेलं नव्हतं.